आकडा कमी म्हणजे काय?

अनेक आशीर्वाद.

तुझे आकडे पाहिले. झाडं तोडलेल्या पट्ट्यातल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड उभ्या जंगलापेक्षा कमी बाहेर पडतो, म्हणजे तोडीमुळे मातीतला कार्बन टिकतो, असं तू लिहिलंस. इतकी घाई नको.

हा वायू दोघे मिळून सोडतात: जिवंत मुळं नि त्यांच्याशी जोडलेली बुरशी, आणि पालापाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीव. झाड पडलं की मुळांचा वाटा संपतो, आणि तो मोठा असतो. उत्तर स्वीडनमध्ये पाइनच्या खोडांची साल गोलाकार काढून मुळांकडे जाणारी साखर तोडली, तेव्हा एक-दोन महिन्यांत मातीचं श्वसन, म्हणजे मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ निम्म्यावर आलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मुळापासून वाच. मुळं सोडतात तो कार्बन पानांनी बहुतांशी नुकताच हवेतून घेतलेला असतो. सूक्ष्मजीव मात्र मातीतल्या कार्बनची जुनी शिल्लकही खातात. तोडीनंतर ऊन थेट जमिनीवर पडतं, पाणी ओढायला झाडं नसल्याने ओल टिकते, वर मेलेल्या मुळांचं आयतं खाद्य. तेव्हा एकूण आकडा घटला तरी जुनी शिल्लक जास्त वेगाने संपत असू शकते.

त्यात ओंडके ओढणारी अवजड यंत्रं. चाकांखाली मातीतली मोठी छिद्रं आधी मिटतात, मग चाकोरीत पाणी साचतं. पाण्यातून वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास. भुसभुशीत वनमातीतही तो त्याच्या दहापट सहज असतो. दाबलेल्या मातीत तो आणखी साठतो, ऑक्सिजन खाली पोचत नाही, मुळं गुदमरतात, सूक्ष्मजीव नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू सोडू लागतात. बाहेर पडणारा वायू मोजायला तू जमिनीच्या पृष्ठभागावर ठेवतोस त्या डब्याला यातलं काहीच कळत नाही. तो शांतपणे कमी आकडा दाखवतो. उपकरण महाग म्हणून आकडा बरोबर, असं मानणारे मी पुष्कळ पाहिलेत.

म्हणून डब्याशेजारी निरनिराळ्या खोलीवर वायू काढायच्या नळ्या पुर. चाकोरी, दोन चाकोऱ्यांमधली जमीन आणि न तोडलेलं जंगल, तिन्ही वेगळं मोज. सरासरीत चाकोरी हरवते. उभ्या जंगलात एका तुकड्याभोवती चर खणून मुळं तोड, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वाटा अंदाजाने वेगळा काढता येईल. दर वेळी तापमान आणि ओलही नोंदव. मात्र चर खणल्यावर लगेच मोजू नकोस: माती हललेली असते, तुटलेली मुळं कुजत असतात, आणि सुरुवातीचे आकडे फुगलेले येतात.