डोंगर कापल्यावर खोल्या कोण घेणार?

प्रश्न : गोव्यात मांद्र्याला घराशेजारी आमच्या चार खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतो. घरामागचा डोंगर व्हिलांसाठी कापायला घेतलाय. यंदा मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसला. धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या मांडाकडे (जमण्याच्या जागेकडे) जाणारी पायवाटही पत्रे ठोकून बंद केली. थोरले दीर म्हणतात, ‘पर्यटन वाढतंय, तुम्ही कशाला आड येता?’ आमचं चुकतंय का? – एक वाचक, मांद्रे

उत्तर : ताई, दिरांना एवढंच विचारा, मे महिन्यात टँकरचे पैसे कोण भरणार? खोलीत उतरलेला माणूस समुद्रावरून खारट अंगाने येतो आणि आधी नळ सोडतो. नळ कोरडा असला तर तो पुढच्या वर्षी दुसरं गाव बघतो. व्हिला विकणारा तोवर कधीच गेलेला असतो.

आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार, जांभ्याचा. पावसाळ्याचं पाणी त्यात मुरतं, हळूहळू पायथ्याशी झरतं. त्यावरच तुमची विहीर आणि खालची कुळागरं (पोफळी-माडांच्या बागा) चालतात. उतार उभा कापला की पाणी मुरायच्या आत धावतं आणि तांबडी माती घेऊन जातं, ती शेतात, नाल्यात बसते. जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या पेडणे तालुक्यात जमिनीच्या दलालांची ये-जा वाढलीय, पण या झऱ्यांचा भाव कोणी विचारत नाही.

शेजारी मोरजीला बघा. टेंबवाड्यावर कासवं अंडी घालतात, गावातल्यांनी वन खात्याबरोबर ती राखली, म्हणून माणसं मुद्दाम तिथे येतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावले की पिल्लं समुद्राऐवजी त्या उजेडाकडे वळतात. म्हणजे ज्याच्यासाठी गिऱ्हाईक आलं, तेच त्याच्या करमणुकीपायी संपायचं.

मांडाचं तर मला जास्त लागतं. पौषात बायका रात्री जमून धालो घालतात, ते कोणी बघावं म्हणून नाही. इकडे वाट बंद करायची आणि तिकडे हॉटेलच्या लॉनवर तेच धालो पाहुण्यांपुढे नाचवायचे, हा कसला सांस्कृतिक वारसा? (जाहिरातीत हा शब्द हमखास असतो.)

आता काय करायचं ते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं कलम १७अ परवानगीशिवाय डोंगर कापायला मनाई करतं. सर्व्हे नंबर काढा, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) घ्या, तारखेसह फोटो काढा आणि नगरनियोजन खात्यात लेखी तक्रार द्या. प्रतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. ग्रामसभेत एकट्या उठू नका, मांडावरच्या बायका बरोबर न्या. वाटेचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी मामलेदार कोर्टात अर्ज करता येतो. तिथे उशीर चालत नाही, म्हणून पत्रे कधी ठोकले ती तारीख आजच लिहून ठेवा.

आणि तक्रार लिहिण्याआधी दिरांना हळूच विचारा, कुठल्या कागदावर सही तर केली नाही ना?