दारू, मीटिंग आणि ती 'नकळत' द्यायची पावडर

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए., दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट. त्यांच्या मीटिंगबद्दल तेच ते प्रश्न परत येतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

मीटिंगची फी किती असते? नाव सांगावं लागतं का?
फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. कोणी ए.ए.च्या नावाने पॅकेज विकत असेल तर ते ए.ए. नाही.

पितो नवरा, मग मी कशाला जाऊ?
कारण झोप तुमची उडालीय. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून, आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. तिथे कोणी उपदेश करत नाही, समोरची बाई स्वतःचं सांगते आणि तुम्हाला पहिल्यांदा कळतं की बाटल्या लपवणं, ऑफिसात खोटी कारणं देणं, शेजाऱ्यांपासून तोंड चुकवणं हे फक्त आपल्याच घरात नाही चाललेलं. तो सुधारेल याची गॅरंटी नाही, पण तुम्ही एकट्या राहत नाही. उदासी जात नसेल तर मात्र मानसोपचार तज्ज्ञांना भेटाच.

दीर मीटिंगला यायला तयार नाहीत. जाहिरातीतली दारू सोडवायची पावडर भाजीत घालून दिली तर?
नाही. अजिबात नाही. असल्या पावडरीत नेमकं काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं, आणि डायसल्फिरामसारखं, दारू सोडवायला देतात ते औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते तपासण्या करून आणि पेशंटला सांगून, चोरून कधीच नाही. मावशीच्या जावेच्या भावाची सुटली म्हणे, हे ऐकून लोक पैसे घालवतात, वर महिनोन्‌महिने जातात, तोवर लिव्हर खराब होतं आणि माणसाला कळलं की घरच्यांवरचा विश्वासही जातो. दीर येत नसतील तर घरच्यांनी आधी अल-अनॉनला जा, डॉक्टरांना भेटा, किंवा १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर बोला. वाट बघू नका.

मीटिंगमधले म्हणतात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद कर.
करू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये हे ए.ए.चंच म्हणणं आहे. डॉक्टरांना विचारा.

भावाने कालपासून एकदम सोडली, हात थरथरतायत, काहीबाही बडबडतोय. संध्याकाळी मीटिंगला नेऊ?
आत्ता हॉस्पिटलला न्या. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, घरी सांभाळायची गोष्ट नाही ही. ग्रुपमधल्या कोणाला फोन करा, सोबतीला येतील, पण आधी कॅज्युअल्टी.