‘खरचटलं’ नाही, ‘सालपट निघालं’ म्हणा

प्रश्न असा आलाय की म्हाताऱ्या माणसांच्या हातापायाची पातळ कातडी धक्का लागून किंवा चिकटपट्टी ओढताना सुटते, नर्सिंगमध्ये ज्याला स्किन टेअर म्हणतात, त्याची नोंद मराठीत ‘खरचटलं’ अशी केली तर चालेल का, आणि त्याचे प्रकार कसे सांगायचे.

नाही चालणार! जिथेतिथे हे ‘खरचटलं’ ऐकून वैताग आलाय. खरचटतं ते घासून. इथे कातडीचा थर खालच्यापासून सुटतो आणि बरेचदा तिथेच लोंबत असतो. संस्कृतची हौस असलेले ‘त्वचाविदारण’ सुचवतात, पण विदारण म्हणजे फाडणं, तो सुटलेला थर त्यात कुठे दिसतो?

आपल्याकडे सालपट आहे की! सालटं निघालं असं घरोघरी म्हणतात. आता ही साल बघा (वर्षाचं साल सोडा, ते फारसी), प्राकृतात छल्ली, हिंदीत छाल, मराठीत साल. छ चा स करायची मराठीची जुनी सवय, छुरी-सुरी, पूछना-पुसणे, मच्छ-मासा, आणि छोलना-सोलणे पण त्याच रांगेत. तरी काहीजण साल थेट ‘शल्क’वरून आणतात. अहो, वल्कलचं प्राकृतात वक्कल होतं, मग शल्कचं सक्क व्हायला हवं, साल कुठून आली? आणि हिंदीतल्या छ चं काय? कातडी तर त्याहून भारी, मूळ ‘कृत्ति’, म्हणून शंकर कृत्तिवास, सापाची कात पण तीच, आणि धातू कृत् म्हणजे कापणे, त्यामुळे ‘कर्तरी’ची आपली कातर ही कातडीची सख्खी बहीण!

हां, प्रकार. पेन-मार्टिनच्या जुन्या वर्गीकरणात सालपट 25 टक्क्यांपर्यंत गेलं की जास्त असा हिशोब होता, आता आयस्टॅपचे (स्किन टेअरवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे) सरळ 3 आहेत: सालपट परत पसरलं की जखम पूर्ण झाकते तो पहिला, काही भाग गेल्यामुळे झाकत नाही तो दुसरा, सालपट उरलंच नाही तो तिसरा. म्हणजे सगळं सालपटावरच ठरतं, खरचटण्यात ते येणार कुठून? फक्त कडा गुंडाळली गेली असेल तर सालपट गेलंय असं वाटतं, म्हणून आधी सलाईनने ओलं करून ओल्या गॉजने हलकेच जागेवर आणा आणि मगच प्रकार लिहा. नोंद अशी करा: ‘डाव्या कोपराखाली सालपट निघालंय, अर्धं शिल्लक, प्रकार 2.’