सर राउंडला आले तरी पडूनच राहा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, हे कळलं. तेही आपल्याच हॉस्पिटलात, ज्यांच्या राउंडला तू फाइल घेऊन मागे उभी असतेस त्याच सरांच्या हातून. सरांचा हात चांगला आहे, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती तुम्हा दोघांत जे बोलायचं राहून जाईल त्याची.

आधी सांग, केसपेपर काढलास का? तुझ्या फोनवरून मला समजलं ते असं, की सोनोग्राफीचा रिपोर्ट तू लिफ्टपाशी दाखवलास, सरांनी उभ्या उभ्या पाहिला आणि "काढून टाकू" म्हणाले. स्टाफची तपासणी सगळीकडे अशीच होते. लिफ्टपाशी, नाहीतर ओटीच्या दारात. तिथे कुणी पोटाला हात लावत नाही, आधीची औषधं विचारत नाही, कागदावर काही उतरत नाही. तेव्हा रीतसर ओपीडीत जा, नंबर लाव आणि आत गेल्यावर खुर्चीवर बस. बसायचं हं, उभं नाही राहायचं. वर्षभर ॲसिडिटी समजून पॅन्टोप्रॅझोलवर काढलंस, ड्यूटी संपवायची म्हणून दुखणं दाबायला डायक्लोफेनॅक घेत राहिलीस, तेही सांगून टाक. रागावले तर ऐकून घे.

मग ते ठरलेलं वाक्य येईल: "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला सगळं माहीतच आहे." सरांच्या मनात काही वावगं नसतं, मान द्यायलाच म्हणतात. पण त्या मानापायी बाकीच्या पेशंटना जे सांगितलं जातं तेवढंही तुझ्या वाट्याला येत नाही. तू नोकरी काढलीस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या आयसीयूत. दीड किलोच्या बाळाची शीर तुला पटकन सापडते, पण या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, हे तुला कुठून माहीत असणार? पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चाळवतो आणि कळ खांद्यात येते. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप जाते. आपल्यातलीच एक जण त्या दुखण्याने रात्री दोनला घामाघूम होऊन बसलेली मी पाहिली आहे. हार्ट ॲटॅक आला असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. शेजारच्या खाटेवरची भाजीवाली बाई तेच ऑपरेशन करून, तोच खांदा चोळत, शांत पडली होती, कारण तिला कुणीतरी सगळं नीट सांगितलं होतं. म्हणून सरळ म्हण, "सर, मला काही येत नाही असं समजून सांगा." दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडणार का, पित्तनलिकेला इजा झाली तर पुढे काय, विचार.

संमतिपत्रावर आपण किती सह्या घेतल्या त्याला गणती नाही. "इथे करा, इथे, आणि मागच्या पानावर." आता वाचून कर. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की उपचार काय, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते हे पेशंटला सांगून मगच संमती घ्यायची. पेशंट नर्स असेल तर वगळावं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

ओटीतही तेच. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट, तीही २००८ सालचीच, सुरू होते ती भूल देण्याआधी पेशंटकडून नाव आणि ऑपरेशन पक्कं करून घेण्यापासून. आपल्या माणसाच्या वेळी नेमकं हेच गाळतात. "हिला कोण ओळखत नाही!" तू आपणहून नाव सांग, ऑपरेशन सांग, पेनिसिलिनची ॲलर्जी मोठ्याने सांग. हसतील. हसू देत.

आणि वॉर्डात आलीस की पेशंटसारखी राहा. माझ्या ओळखीच्या एक परिसेविका, गर्भपिशवी काढून दुसराच दिवस, सर आले तशा कॅथेटरची पिशवी हातात धरून खाटेवरून उतरून उभ्या राहिल्या! सरच ओशाळले बिचारे. तू पडूनच राहा. दुखणं दहापैकी किती विचारलं आणि सात असेल तर सातच सांग. नाइटच्या मुलीकडे तीस पेशंट आहेत म्हणून कळ सोसत बसायचं, हा आपल्या नर्सजातीचा रोग आहे. दुखत असलं की खोल श्वास घेतला जात नाही, चालणं होत नाही, मग छाती भरते आणि त्याच मुलीचं काम दुप्पट होतं. सलाइनचा स्पीड स्वतः कमी-जास्त करू नकोस. फाइल वाचायची तर सरांकडे माग, गुपचूप चाळू नकोस. अर्धवट वाचलेल्या रिपोर्टने झोप उडते. रिपोर्ट कुणाकुणाला कळावेत तेही सरांशी आधीच बोल, आपल्या लॅबपासून कँटीनपर्यंत बातमी पोचायला चहाएवढाही वेळ लागत नाही.

घरी गेल्यावर ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटातलं दुखणं वाढलं, तर बॅचच्या ग्रुपवर विचारत बसू नकोस, सरांना फोन लाव.

शेवटचं राहिलं. डिस्चार्जच्या वेळी सर म्हणतील, "थोडे दिवस हलकं काम करा." तुझं काम काय असतं ते त्यांना वाटतं तितकं माहीत नसतं. बाळं हलकी असली तरी त्यांना ऊब देणारा वॉर्मर तूच ढकलतेस, सिलिंडर तूच सरकवतेस, बारा तासांच्या नाइटमध्ये पाठ टेकत नाही. हे त्यांना एकेक करून सांग आणि वजन किती दिवस उचलायचं नाही, नाइट कधीपासून, हे सर्टिफिकेटवर लिहून घे. स्टाफ कमी पडला की आठव्या दिवशी मेट्रनचा फोन येतोच. त्या खुर्चीवर मी बसलेली आहे, कागद समोर असला की आम्हालाही दुसरी कुणीतरी शोधावी लागते.

तुझी,
जुन्या वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर