कठडा तुटला, मनगट मोडलं

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात भाड्याने राहतो. जिन्याचा कुजलेला कठडा तुटून पडलो. मालक म्हणतात, ‘जपून चालायचं होतं.’ भरपाई मिळेल?

उत्तर : आधी कुजलेल्या सांध्याचे जवळून फोटो काढा, मालकांनी सुतार लावला की पुरावा गेला. केसपेपर, एक्स-रे, बिलं, बुडालेल्या पगाराचा दाखला जपा. मग वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी दावा, साधारणपणे 3 वर्षांच्या आत. कठड्याबद्दल मालकांना आधी कळवलं होतं का, इथेच गाडी अडते. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही उपयोगी पडतो, तो पुसू नका.

दुरुस्तीचं वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 : नोटिशीनंतर 15 दिवसांत मालक हलले नाहीत, तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापा, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. करारात दुरुस्ती तुमच्याच माथी असेल, तर हा मार्ग बंद. रागाने भाडं मात्र थांबवू नका.