भंडारदऱ्याकडच्या गावात वडिलांना घेऊन जायचंय, ट्रेक सोडून करण्यासारखं काय आहे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वडील सत्तरीचे, गड चढवणार नाही, तर रतनवाडी-साम्रदच्या बाजूला ट्रेक सोडून काय करायचं, कधी यायचं, आणि गावात कुणाच्या घरी उतरायचं की तलावाकाठच्या तंबूत. तंबूचं आधी सांगून मोकळी होते. घरी उतरा. जमिनीवरच्या गादीवरून उठायचं, रात्री ओल्या गवतातून संडासाला जायचं आणि शेजारच्या कॅम्पवरचा स्पीकर मध्यरात्रीपर्यंत ऐकायचा, हे त्या वयाच्या माणसाला कशासाठी?

लिहायला बसले ती मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नामुळे. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, रतनगडाच्या पायथ्याची एक वाडी. "गड सोडला तर तिथे आहे काय" हे मी लहानपणापासून ऐकतेय, आणि पाहुण्यांच्या तोंडून कमी, आमच्या घरातच जास्त. माझा चुलतभाऊ पाहुण्यांचा धंदा बघतो. त्याचं ठाम मत, की शहरातल्या माणसाला डोंगर, तलाव आणि फोटो एवढंच हवं असतं. आपला चिखल त्याला दाखवून काय उपयोग? माझं आणि त्याचं यावरून कितीदा वाजलंय.

एका जुलैत मी आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, माहेरी गेले होते. घरी पाहुणे उतरलेले, सगळी तिशीतली मुलं, आणि त्यांच्यातल्या एकाचे वडील सोबत. आयुष्य बँकेत गेलेले, गुडघे दुखणारे, अबोल. मुलं पहाटे वाटाड्या घेऊन गडावर गेली. वडील ओटीवर खुर्ची टाकून बसले. समोर धुकं, पन्हाळीतून पाण्याची धार, हातात मोबाइल आणि मोबाइलला रेंज नाही. नाना, म्हणजे माझे चुलते, खांद्यावर घोंगडी टाकून खाचराकडे निघाले तसे ओटीवरचे ते वडील एकदम म्हणाले, "मी आलो तर चालेल का?" भाऊ लगेच मध्ये पडला, "काका, पाय घसरेल, बसा तुम्ही, चहा पाठवतो." नाना काही बोलले नाहीत. आतून काठी आणली आणि त्यांच्या हातात दिली.

खाचरात उतरायला नानांनी त्यांना मनाई केली. बांधावर दगडावर बसवलं आणि शेजारी रोपांच्या मुठींचा ढीग लावला. काम एवढंच, की लावणाऱ्या बायका मागे मागे सरकत जातात, त्यांच्या हातातली मूठ संपत आली की नवी मूठ त्यांच्या पाठीमागे फेकायची. सोपं वाटतं, पण मूठ लांब पडली तर बाईला चिखलातून वळून जावं लागतं, आणि जवळ पडली तर चिखल तिच्याच अंगावर उडतो. थोड्या वेळात त्यांचा हात बसला. माझ्या आईनं वर न बघता "मूठ!" म्हणायचं आणि त्यांनी बरोबर हाताच्या अंतरावर टाकायची. मी तिच्या शेजारीच लावत होते. तीन-चार काड्या बोटांत धरायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे. पाऊस अंगावर, कंबर मोडलेली, आणि बांधावरचा तो माणूस अगदी मन लावून काम करतोय.

मग त्यांची नजर रोपं उपटलेल्या वाफ्याकडे गेली. तिथली माती काळी का, असं त्यांनी विचारलं. नानांनी राब समजावून सांगितला. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वरून मातीचा हात फिरवायचा, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा म्हणजे सावकाश जळतो. तणाचं बी मरतं, राख मातीत जाते, माती भुसभुशीत होते. गृहस्थ म्हणाले, "पण यासाठी झाडं छाटता ना? जंगल राहील कसं?" नाना चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. कृषी खात्याचे लोकही तेच सांगतात." मग एक रोप उपटून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बिनराबाच्या कडक मातीतून उपटा, निम्मी मुळं तुटून येतात. हे बघा." मुळं पांढरी, लांब, सगळीच्या सगळी. त्यांनी खिशातला चष्मा काढून पुसला, घातला आणि ती मुळं बघत बसले. नंतर दोघांचं शेण कमी का झालं, गुरं का विकली, पोरं नाशिकला का गेली, यावर जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं होतं. बांधावरच नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कांदा.

मुलं अंधार पडताना परत आली. गणेश दरवाज्याजवळच्या शिड्यांवर पाण्याचा लोट, वर गच्च धुकं, नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊनही समोरचं काही दिसलं नाही. यात आश्चर्य काहीच नाही, जुलैत असंच असतं. रात्री जेवताना मात्र त्या बापानं मुलाला राब समजावून सांगितला. नानांच्याच शब्दांत, हातानं थर लावून दाखवत. मुलगा जेवायचा थांबून ऐकत होता.

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, एखादाच असा निघतो. मी म्हणते, तो एक स्वतःहून विचारून आला. बाकीच्यांना तू कधी विचारलंस? त्यानं अजून याचं उत्तर दिलेलं नाही. पुढे त्यानं तलावाकडच्या तुकड्यावर तंबू ठोकले. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत, तिथे जनरेटर, हॅलोजन आणि गाणी. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. त्यात तुम्ही गाडीचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च मारलेत तर ती खूण हरवते, जोडी जमत नाही आणि पुढच्या पिढीलाच फटका बसतो. ज्याच्यासाठी माणसं येतात तेच आपण घालवतोय, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवरच्या बायका हंड्यासाठी पायपीट करतात. त्याच दिवसांत कॅम्पवर आंघोळीला गरम पाण्याच्या बादल्या! तुम्ही तंबूत उतरू नका म्हणते त्यामागे हेही आहे.

असो, तुमच्या वडिलांचं बघू. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर गाडीपासून चार पावलांवर आहे. तिथे घाई करू नका. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात बघावं, आणि शेजारच्या पुष्करणीतल्या कोनाड्यांतल्या मूर्ती चुकवू नयेत. प्रवरा याच रतनगडावर उगम पावते, आणि पुढे तीच नदी भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडवलेली दिसते. 1926 साली पुरं झालेलं दगडी धरण आहे ते. रंधा धबधब्यावरही गाडी जाते. घाटघरला कड्याच्या टोकावरून खाली कोकण दिसतं, तिथे संध्याकाळी जा, पण कठड्याच्या आतच थांबा. साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत चालणं फार नाही. आत मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरावं लागतं, तिथे वडिलांना नेऊ नका. आणि पावसाळ्यात त्या दरीत कुणीच उतरू नये, तुम्ही तरुण असलात तरी. वर पडलेल्या पावसाचा लोंढा आत कधी येईल सांगता येत नाही आणि पळायला बाजूला जागा नाही.

हे सगळं एका दिवसात उरकतं. दुसरा दिवस घरच्या लोकांबरोबर काढा. जुलैत आवणी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. उतारावरची नाचणी आणि वरई बघायला मिळते, हिरड्याचं झाड कुणीतरी दाखवेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालचा पद्मश्री गावठी बियाणं जपण्यासाठीच मिळाला. तसलं बियाणं अजून काही घरांत मडक्यात, राखेत ठेवलेलं असतं. विचारलंत तर आनंदानं दाखवतील. न विचारता कुणाच्या शेतात शिरू नका, आणि आवणीतल्या बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. भिजलेल्या लुगड्यातला फोटो कुणालाच आवडत नाही.

कधी यायचं, तर वडील असल्यामुळे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, धबधब्यांना पाणी असतं, धुकं विरतं आणि रस्ताही कोरडा मिळतो. आवणीत हात घालायचाच असेल तर जुलै, पण तेव्हा डोंगर दिसेल याची हमी नाही. तुम्हाला स्वतःला गड करायचा असेल तर वाडीतला वाटाड्या घ्या, मोबाइलमधल्या नकाशावर विसंबून जाऊ नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बहुतेक घरांत उकिडवं बसायचा संडास आहे, खुर्चीचा नाही. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच विचारा, काही घरांनी आता बांधून घेतलाय. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, कारण पावसात दरड आली की रस्ता अडतो आणि औषधाचं दुकान गाठायला शेंडी किंवा राजूरच. रेंज धरू नका. रात्री अंगणात पाऊल टाकताना विजेरी पायाशी मारा. आणि किती माणसं जेवणार ते आदल्या दिवशी फोन करून नक्की सांगा. पीठ जात्यावरचं नसलं तरी भाकरी चुलीवरच होते, आणि ऐनवेळी चार माणसं वाढली की घरातली बाई उपाशी झोपते. आमच्याकडे हे झालेलं आहे.