कान मोकळे ठेवून पळ

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एकवीस किलोमीटरच्या पुढं गाण्यांशिवाय पाय उचलत नाही, ग्रुपमधले निम्मे म्हणतात बिनधास्त लाव, निम्मे म्हणतात काढून टाक, आणि मुंबईची पहिली फुल मॅरेथॉन तोंडावर आलीय. नोकरी सांभाळून पहाटे चारला रस्त्यावर उतरणाऱ्या मुलाला जिद्द शिकवायला मी बसलेलो नाही, म्हणून थेट सांगतो. शर्यतीत कानात काही नको. तुझा वेग तुझ्या श्वासानं ठरला पाहिजे.

गाण्याचा फायदा होतो, हे मला मान्य आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागिऑर्गिस यांनी या एका विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. हलक्या किंवा मध्यम जोरावर पळताना आवडीचं, ठेक्याचं गाणं असलं तर तेवढेच कष्ट कमी वाटतात. लक्ष द्यायची आपली ताकद मर्यादित असते. त्यातली थोडी गाण्यानं घेतली की थकव्याच्या वाट्याला कमी उरते. पण जोर वाढला, धाप लागली, की शरीराचीच हाक इतकी मोठी होते की गाणं मागं पडतं.

आता हेच बेचाळीस किलोमीटरवर मांडून बघ. पहाटे सीएसएमटीहून निघालास. हवा त्यातल्या त्यात गार, पाय ताजे, आजूबाजूला हजारो माणसं. कष्ट मुळातच कमी वाटतायत आणि गाणं ते आणखी कमी करून दाखवतंय. जिथं हात आखडता घ्यायचा, नेमकं तिथंच ते पुढं ढकलतं. किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा पेस ठरवून आलेला मुलगा सहानं पळतो आणि मनात म्हणतो, आज काय मस्त लागलंय! त्या मस्तीची किंमत स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, मोजत असतं. तिसाव्या किलोमीटरनंतर ते संपत आलं की पाय एकदम जड होतात, तुम्ही ज्याला वॉल म्हणता ती येते. तोवर ऊन वर आलेलं असतं, घाम वाळत नाही, आणि परतीचा पेडर रोडचा चढ समोर उभा. तिथं, जिथं खरंच कुणीतरी हवं होतं, तिथं गाणं काही करत नाही. सुरुवातीला श्वास ऐकला असता तर त्यानं पाचव्या किलोमीटरलाच सांगितलं असतं.

तू इथिओपियाच्या धावपटू हेले गेब्रसेलासीचं उदाहरण दिलंस. १९९८ साली बर्मिंगहॅमला गाणं लावून त्यानं इनडोअर २००० मीटरचा विश्वविक्रम केला, हे खरं. पण ते गाणं स्टेडियमच्या स्पीकरवर सगळ्यांसाठी वाजत होतं, आणि शर्यत पाच मिनिटांच्या आत संपली. पाच मिनिटांत ग्लायकोजेन संपत नाही रे. तुला रस्त्यावर चार-साडेचार तास काढायचेत. आणि हेलेला आपला श्वास आतून पाठ होता, तो शिकायच्या आत तुला तो झाकायची घाई झालीय.

१९७७ साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या दोघांनी अमेरिकेतल्या अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंना विचारलं होतं, पळताना डोक्यात काय चालतं? त्यांचा अंदाज होता की ही मंडळी मन कुठंतरी दूर पाठवत असतील. निघालं उलटं. हे लोक सतत पोटऱ्या, मांड्या, श्वास यांच्याकडं लक्ष ठेवून होते आणि त्यावरून वेग कमीजास्त करत होते. मन दुसरीकडं रमवायची सवय साध्या, हौशी धावपटूंमध्ये जास्त दिसत होती. २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळणारी ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ तर आकडे मोजायची. शंभरपर्यंत तीनदा मोजलं की साधारण एक मैल. तिला कंटाळा येत नसेल? पण लक्ष पायांवरून हलू द्यायचं नाही, म्हणून ती मोजत राहायची.

तू लिहिलंस की विसाव्यानंतर डोक्यात नको ते विचार येतात, म्हणून गाणी लागतात. तुझ्या मेसेजमधलं हे एकच वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, बाकी हेडफोनची चर्चा वरवरची आहे. अरे, ते विचार सगळ्यांना येतात. कशाला आलो, गुडघा दुखतोय का, सगळे पुढं गेले. ते सरावात येऊ देत. तासभर त्यांच्या शेजारून पळून बघ, जोर ओसरतो त्यांचा. एरवी बॅटरी संपली किंवा घामानं इअरबड गळून पडला, की पस्तिसाव्या किलोमीटरला तुझी त्यांच्याशी पहिल्यांदा गाठ पडेल, आणि तेव्हा मी तिथं नसेन.

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात मी पोरांना पळवतो तेव्हा वळणाच्या वरच्या अंगाला थांबतो. माणूस दिसायच्या आधी पाऊल ऐकू येतं, आणि कोण येतोय ते त्यावरून कळतं. दमलेल्याचं पाऊल फटफट वाजतं. टाच आपटायला लागते, पंजा सैल पडतो. डावं पाऊल उजव्यापेक्षा जड वाजत असेल तर मी तिथंच थांबवतो आणि उजव्या पायाला काय झालंय ते बघतो, बहुतेक वेळा काहीतरी निघतंच. मला रस्त्याच्या कडेला जे ऐकू येतं ते पळणाऱ्याला स्वतःला ऐकू येऊ नये, हे मला आजतागायत सहन होत नाही. श्वासाचंही तसंच. सपाटीला तीन पावलांत आत, तीन पावलांत बाहेर असं सहज जमत असेल आणि न कळत ते दोन-दोनवर आलं, तर चढ असो वा नसो, तू तुझ्या मापाबाहेर गेलायस. घड्याळ हे उशिरा सांगतं. श्वास लगेच सांगतो.

तुझा शेवटचा मुद्दा वारीचा. वारकरी गात चालतात, मग मी गाणी लावली तर काय बिघडलं? चांगला प्रश्न आहे, पण नीट बघ. वारकरी स्वतः गातो. गायला श्वास लागतो, म्हणून पाय श्वासापुढं जाऊच शकत नाहीत. दिवे घाटाचा चढ लागला की अभंगाची लय दिंडीच्या पायांबरोबर उतरते. टाळकरी शेजारच्याला ऐकत असतो, मागची रांग पुढच्या रांगेला ऐकत असते. तुझ्या कानातलं गाणं चढ आला म्हणून हळू होतं का? तेव्हा गाणं हवंच असेल तर तूही गा. खरंच सांगतोय. लाँग रनला मोठ्यानं म्हण. एक ओळ न तोडता पुरी झाली तर वेग बरोबर. मध्ये श्वास घ्यावा लागला तर कमी कर.

नियमांचं थोडक्यात. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेदरम्यान रेडिओ, मोबाइल, गाण्याची यंत्रं जवळ बाळगणं हीच बाहेरची मदत धरली जाते, आणि ती चालत नाही. आमच्या माण तालुक्याच्या ललिता बाबरनं २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला नंबर काढला, तो याच नियमांच्या जगात. अमेरिकेत २००७ च्या सुमाराला सरसकट बंदी आली होती, मग ती सैल करून हौशी धावपटूंचा निर्णय आयोजकांवर सोडला. पोहणं, सायकल आणि पळणं अशा आयर्नमन शर्यतींमध्ये चालतच नाही. तुझा मित्र गोव्याच्या ७०.३ ची, म्हणजे अर्ध्या आयर्नमनची, तयारी करतोय ना, त्याला आत्ताच सांग. ब्रिटनमध्ये पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यांवर कान उघडे ठेवणारे, हाडातून आवाज नेणारे हेडफोन चालवून घेतात. तू म्हणशील तेच घेतो. घे की. मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू येईल, ते चांगलंच. पण श्वास त्या आवाजाखाली तरीही दबेलच, आणि माझं भांडण तिथं आहे.

एक गोष्ट मात्र चर्चेपलीकडची. अंध धावपटू गाइडबरोबर पळतात, मनगटांना एकच दोरी. गाइड सांगत असतो: खड्डा, डावीकडं, पाण्याचं टेबल आलं. तो पुढच्यांना हाक मारतो, बाजूला व्हा! आणि पुढचा ढिम्म, कारण त्याच्या कानात ढोल वाजतायत. मग गाइडला दोरीनं ओढून वळवावं लागतं. हे मी पाहिलंय, आणि तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

आमच्या गटात येताना हेडफोन घरी ठेवायचे, हा माझा नियम आहे. त्यापायी काही जण सोडून गेले. एक मुलगी तर फार चांगली होती, लांब टांग, अजिबात न दमणारी. सर हेकट आहेत म्हणाली आणि गेली. तिचं पळणं आता मला बघायला मिळत नाही याची खंत वाटते, खोटं कशाला बोलू. पण नियम बदलायचा विचार मी केला नाही. जे राहिले ते आज घड्याळ न बघता किलोमीटरचा वेळ सांगतात, पाच-सात सेकंदांच्या फरकानं. ते शिकवायला माझ्याकडं दुसरा मार्ग नव्हता. कुणाकडं असेल तर त्यानं दाखवावा.

आणि मी काही गाण्यांचा वैरी नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप येईना तर ऐक. सुरुवातीच्या रेषेकडं जाताना लोकलमध्ये ऐक. ट्रेडमिलवर लाव, विश्रांतीच्या दिवशी फिरताना लाव. फक्त बंदूक वाजल्यापासून अंतिम रेषेपर्यंतचे चार तास तुझे राहू देत. तुझं नाव छातीवरच्या बिबवर, त्या नंबरच्या कागदावर, छापलेलं असतं. पेडर रोडला संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असलेली अनोळखी बाई ते वाचून तुला नावानं हाक मारेल. ती ऐकू यायला हवी की नको?

या रविवारी तीस किलोमीटर आहेत ना? फोन पाउचमध्ये ठेव, पण अडीअडचणीसाठी, इअरबड घरी. पहिले दहा इतके हळू जा की लाज वाटेल. दहा ते वीस दर किलोमीटरला एक ओळ मोठ्यानं म्हणून बघ. विसानंतर गाणं बंद, फक्त श्वास आणि पावलं. दर अर्ध्या तासाला पाणी, मीठ-साखर विसरू नकोस. संध्याकाळी फोन कर. किती वेळ लागला ते विचारणार नाही. श्वास तीन-तीनवरून दोन-दोनवर कुठल्या किलोमीटरला आला, तेवढं सांग. त्यावरून आपण मुंबईचा पेस ठरवू.

तुझा,
सर